जाळी

माझ्या आयुष्यातली पहिली कथा मी नऊ वर्षांची असताना एका पाद्रीबाबांना सांगितली. त्यांनी ती खरी मानली आणि तिच्यापायी मला ‘नमो मारिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणायला लावली.

झालं असं, की पहिल्या पापनिवेदनाची, म्हणजे कन्फेशनची, तयारी आमच्याकडून सिस्टर करून घेत होत्या. शनिवारची दुपार, बाहेर ठाण्याच्या मासुंदा तलावात बोटी फिरतायत आणि आम्ही आत बाकांवर बसून आपापली पापं आठवतोय. पाप सांगताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत, असं सिस्टरांनी बजावलं होतं. प्रकार आणि संख्या. काय केलं, आणि किती वेळा. हे त्यांच्या मनचं नव्हतं, चर्चच्या कायद्यातच तसं आहे. तिथं ते गंभीर पापांपुरतं आहे, पण गंभीर कुठलं आणि किरकोळ कुठलं हे नऊ वर्षांच्या पोरीला कोण समजावत बसणार?

माझी अडचण वेगळीच होती. पापं पुरत नव्हती. आईला उलट बोलले हे एक, भावाला चिमटा काढला हे दुसरं. माझ्या पुढच्या मुलीनं वहीचं अख्खं पान भरून आणलं होतं. दोन पापांवर त्या रांगेत उभं राहायची मला लाज वाटली. मग मी साखर चोरली. म्हणजे तिथंच, रांगेत, मनातल्या मनात. एकदाच चोरली म्हटलं तर पटणार नाही, दहादा म्हटलं तर प्रकरण आईपर्यंत जाईल, म्हणून चारदा. डब्याचं झाकण घट्ट होतं आणि उघडताना टण्ण आवाज झाला, हेही मी मधल्या फळीच्या जाळीला तोंड लावून सांगितलं. पलीकडून फादर ‘हं’ म्हणाले. तो ‘हं’ मी अजून विसरलेले नाही. इतकं कान देऊन माझं तोवर कुणीच ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की पापनिवेदनात खोटं बोलणं हे त्याहून मोठं पाप. पण ते सांगायचं तर परत आत जायला हवं. गेले नाही. ते अजून तसंच बाकी आहे.

आता मी ठाण्यातच एका कॉलेजात मराठी शिकवते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून माझ्या वाट्याला दोन श्रेयांकांचा लेखनाचा पेपर आला आहे. वर्गात कळवा, बाळकूम, कोलशेत, भाईंदर असं सगळीकडचं कोणकोण असतं, आणि मुलींची संख्या जास्त. पहिल्या आठवड्यात मी स्वतःबद्दल एक पान लिहून घेते. विषय भिकार आहे, कबूल. पण त्या एका पानात पोर कुठे अडकलंय ते दिसतं.

मुलगे बहुधा स्वप्नं लिहितात. मुली दोष लिहितात. ‘मी थोडी हट्टी आहे. मला राग पटकन येतो. मी आळशी आहे, पण सुधारण्याचा प्रयत्न करते.’ हे सगळ्याच जातिधर्मांच्या मुली लिहितात, त्यात चर्चचा काही संबंध नाही. पण दोन वर्षांपूर्वी एक पान हातात आलं आणि ते कुठल्या साच्यातून निघालंय हे मी दुसऱ्याच ओळीला ओळखलं. दोषांची यादी, मग त्यांबद्दलचं दुःख, मग पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय. पापनिवेदनाचा क्रम जसाच्या तसा. मुलगी उत्तनची होती. भाईंदर-उत्तनची किनाऱ्यावरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक, माझ्या आईचं माहेरही तिथलंच. त्यामुळे तिच्या पानात काय काय नाही ते मला चांगलंच दिसत होतं. घर नव्हतं. समुद्र नव्हता. बांबूंवर वाळणारे बोंबील नव्हते, पहाटे टोपली घेऊन निघणारी आई नव्हती. होती ती फक्त एक ‘मी’, आणि ती ‘मी’ सतत चुकत होती.

मी लाल पेन घेतलं आणि समासात सवयीनं प्रश्न लिहिले. कधी? कुठे? समोर कोण होतं? का केलंस? कसं?

लेखन शिकवणारा कुठलाही मास्तर हेच प्रश्न लिहितो. बातमीदारांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण त्या दिवशी मी आपलंच अक्षर बघून थबकले. या प्रश्नांची वंशावळ मला ठाऊक आहे. कोण, काय, कुठे, कुणाच्या मदतीनं, का, कसं, कधी, ही सात प्रश्नांची माळ मूळची ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रातली. वकिली करणाऱ्यांसाठीची. १२१५ साली लॅटरनच्या धर्मपरिषदेनं प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं. मग पाद्र्यांना नीट विचारायचं कसं हे शिकवण्याची वेळ आली, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या पोथ्यांमध्ये हीच माळ उतरली. पाप कुठल्या परिस्थितीत घडलं ते खोदून विचारा, असं. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी युरोपातला एखादा गावठी पाद्री समोरच्या बाईला जे विचारत होता, तेच मी ठाण्यात उत्तनच्या पोरीला विचारत होते. फरक एवढाच, की तिला पापक्षालन मिळायचं आणि हिला वीसपैकी गुण.

ती जाळी बायकांसाठी आली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, ती गुपितासाठी असते. पण जाळी येण्याआधी कित्येक शतकं पापनिवेदन उघड्यावर, पाद्रीच्या शेजारी गुडघे टेकून होत असे. मधे फळी आणि फळीला जाळी ही व्यवस्था सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी लावून दिली, आणि त्यांच्या मनात मुख्यतः बायका होत्या. बाई आणि पाद्री इतके जवळ बसले तर नको ते घडेल किंवा लोक तसं म्हणतील, ही धास्ती. १९१७च्या चर्च-कायद्यात तर उघड कलमच होतं, की बायकांची पापनिवेदनं त्या जाळीच्या पेटीबाहेर ऐकू नयेत, आजारपण किंवा तशीच खरी गरज सोडून. पुरुषांची बाहेर चालतील. चर्चमध्ये बाईनं डोकं झाकावं हेही त्याच कायद्यात, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना बाईनं वेदीजवळ सेवेला जाऊ नये हेही. पुरुष नसेलच आणि तसंच कारण असेल तर तिनं लांबूनच उत्तरं द्यावीत. १९८३च्या नव्या कायद्यातून ही तिन्ही कलमं गेली. माझी आजी मात्र शेवटपर्यंत पदर घेऊनच चर्चमध्ये शिरली. कायदा बदललाय हे तिला कुणी कळवलं नसावं, आणि कळवलं असतं तरी तिनं तो पाळला नसता.

आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत आणि मागे बाकांवर बायका आपापली रोझरी आपापल्या बोलीत. साठच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला म्हणतात. आजी म्हणायची, ‘आता त्यांचंच ऐकत बसावं लागतं.’ ती हे तक्रारीच्या सुरात म्हणायची की थट्टेच्या, ते मला कधी उलगडलं नाही.

माझ्या हिश्शाला १९९४ साल आलं. त्या वर्षी मार्च महिन्यात रोमनं सांगितलं, की बिशपांची हरकत नसेल तर मुलीही वेदीसेवक होऊ शकतात. आणि मे महिन्यात त्याच रोमहून पोप जॉन पॉल दुसरे यांचं पत्र निघालं, की स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाही आणि हे मत सर्वांनी कायमचं मान्य करावं. मी दहा वर्षांची. मला फक्त घंटी वाजवायची होती, जी माझा भाऊ दर रविवारी चुकीच्या वेळी वाजवायचा. घंटी मला मिळाली नाहीच. मी बाकावर बसून तिच्या वेळा मोजत राहिले.

आईला मी एकदा विचारलं होतं, बायका फादर झाल्या तर तुला आवडेल का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘अजिबात नाही. माझी पापं बाईला सांगू? पुरुष विसरतात तरी.’ आता यावर स्त्रीवादाचा कुठला धडा देणार? ती चर्चवर चिडत नाही असं नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांवरून १९६८ साली पोपचं जे पत्र आलं, त्याबद्दल बोलायची वेळ आली की ती म्हणते, ‘लिहिणाऱ्याला किती मुलं होती?’ आणि लगेच क्रूसाची खूण करते. दोन्ही तिचंच, आणि दोन्ही मनापासून.

पुढच्या तासाला मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि मुलींना दोन बायकांबद्दल सांगितलं. एक स्पेनमधली, आविलाची तेरेसा. सोळाव्या शतकातली ही जोगीण स्वतःचं चरित्र लिहायला बसली ती आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्यांच्या सांगण्यावरून. त्यांना तिचे अनुभव तपासायचे होते, ते देवाचे की सैतानाचे. तिनं लिहिलं, आणि तपासणी करणाऱ्यांच्या हातावर तुरी देऊन एक जिवंत, गप्पिष्ट, मधेच स्वतःला टोकणारी बाई त्या पानांत बसवली. हस्तलिखित इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयानं, ताब्यात घेतलं. छापलं गेलं १५८८ साली, ती जाऊन सहा वर्षं झाल्यावर. १९७० साली त्याच चर्चनं तिला धर्मपंडित ही पदवी दिली. ही पदवी मिळालेली ती पहिली बाई, आणि आजपर्यंतच्या अशा बाया मोजून चार.

दुसरी मेक्सिकोची सोर हुआना. तीही मठवासी, कवयित्री, खोलीभर पुस्तकं बाळगणारी. पुएब्लाच्या बिशपांनी १६९० साली तिला उपदेश केला, की हे ऐहिक लिखाण पुरे, आता धर्माकडे लक्ष दे. गंमत म्हणजे हे पत्र त्यांनी ‘सोर फिलोतेआ’ असं एका जोगिणीचं नाव घेऊन लिहिलं. बाईला गप्प करायलाही बाईचा आवाज उसना घ्यावा लागला. हुआनानं पुढच्या वर्षी त्या ‘सिस्टर’ला उत्तर पाठवलं. त्यात ती सांगते, की पुस्तकं बंद केली तरी स्वयंपाकघरात निसर्ग शिकवतच असतो, अंडं तुपातेलात घट्ट धरतं आणि पाकात फुटून जातं. आणि मग म्हणते, ॲरिस्टॉटलनं स्वयंपाक केला असता तर त्यानं याहून पुष्कळ लिहिलं असतं.

वर्ग हसला. उत्तनची हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. म्हणाली, ‘मॅडम, या दोघींनी पण कुणीतरी विचारलं म्हणूनच लिहिलं ना? मोठ्या माणसानं?’

‘हो.’

‘तुम्ही पण तसंच विचारताय. कधी, कुठे, का. तुम्ही पण जाळीच्या पलीकडेच बसल्यात.’

उद्धटपणे म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी काळजीनं म्हणाली. मी काहीतरी पुटपुटले आणि हजेरीपट उचलून निघाले. स्टेशनपर्यंत चालत गेले, पण जांभळी नाका कधी आला ते कळलं नाही.

त्यानंतर ‘स्वतःबद्दल’ लिहून घेणं मी त्या वर्गापुरतं थांबवलं. त्याऐवजी शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रातला, एक प्रसंग दिला. सगळ्या वर्गाला. अर्ध्याअधिक वर्गानं बायबल कधी उघडलेलं नाही, म्हणून मार्कच्या पहिल्या अध्यायातल्या मोजक्या ओळी फळ्यावर लिहिल्या. शिमोन पेत्र आणि त्याचा भाऊ समुद्रात जाळी टाकत असतात. येशू हाक मारतो आणि ते जाळी सोडून त्याच्यामागे जातात. पुढे शब्बाथाच्या, म्हणजे ज्यूंच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी सगळे शिमोनाच्या घरी येतात. घरात त्याची सासू तापानं पडलेली असते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप निघून जातो, आणि ती त्यांची सेवा करू लागते. एवढंच. चर्चच्या हिशेबानं हा शिमोन पेत्र म्हणजे पहिला पोप. त्याला सासू होती म्हणजे बायको असणारच. तिचं नाव चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. मी म्हटलं, या घरातल्या कुणाही बाईच्या तोंडून सांगा. दोन पानं.

लगेच गोंधळ. कळव्याची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे ताप उतरल्या उतरल्या ओट्यापाशी?’ दुसरी म्हणाली, ‘आमच्याकडे उतरायचीही वाट बघत नाहीत.’ मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, पण तुमच्यात अजून बाई पुजारी नाही ना?’ मी तोंड उघडायच्या आत त्याला त्याच्याच शेजारणीनं विचारलं, ‘शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका कधी चढल्या रे? २०१६ ला. तेही कोर्टानं सांगितल्यावर.’ तो विषय तिथंच मिटला. मग मीच थोडी भर घातली. २०२३च्या ऑक्टोबरात रोमच्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, पण पोप निवडताना आजही मत फक्त कार्डिनलांना. ते सगळे पुरुष, आणि निवडणूक होईपर्यंत ते ज्या अतिथिगृहात उतरतात त्याचं नाव सांता मार्ता. येशू घरी आला असताना जिचा सगळा वेळ पाहुणचारातच गेला, ती मार्था.

दोन पानं आली. बरीचशी अपेक्षेप्रमाणे चिडलेली होती. राग खरा होता, पण भाषा मालिकांमधली. एका मुलानं पेत्राच्या बायकोला घटस्फोट घ्यायला लावला, रीतसर वकील गाठून.

उत्तनच्या मुलीनं सासू घेतली. तिच्या दोन पानांत चमत्कार नव्हताच. सासू आतल्या खोलीत पडलेली आहे आणि कानांनी घर बघते आहे. बाहेर किती जोडी पायताणं निघाली ते मोजते. भाकरी किती उरल्यात ते मोजते, कारण शब्बाथ असल्यानं ताजं काही करायचं नाही, कालचंच आहे. जावयानं जाळी सोडली ही बातमी तिला बाजारात कळलेली असते, घरात कुणी सांगितलेलं नसतं. तिला ताप त्याच दिवशी भरलेला. हा ताप ती मुलीला सांगत नाही. मग कुणीतरी हात धरतं. हात गार लागतो. मुलीनं तिथं लिहिलं होतं, ‘त्याच्या हाताला मासळीचा वास नव्हता. सुताराचा हात होता.’ आणि ती उठते. का उठते, तर तिला बरं वाटलं म्हणून नाही. एवढी माणसं घरात आणि मुलगी एकटी, म्हणून. शेवटची ओळ होती, ‘ते जाळी सोडून गेले, पण जाळी पाण्यातच होती. ती कुणी ओढली, हे कुणी लिहिलं नाही.’

प्रकार आणि संख्या दोन्ही होत्या बरं का. पायताणं किती, भाकऱ्या किती. पण आता ती मोजणी तिच्या दोषांची नव्हती.

मराठीत ही गोष्ट एका बाईनं आधीच सांगून ठेवली आहे, हे मला त्या रात्री लख्ख जाणवलं. लक्ष्मीबाई टिळक. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, सगळं सोडून त्या हाकेमागे गेला, आणि मागे राहिलेल्या बाईनं काय भोगलं, काय शिकली, कशाकशाला हसली, हे ‘स्मृतिचित्रे’त आहे. ते प्रॉटेस्टंट घर. पंडिता रमाबाईही त्याच बाजूच्या. आमच्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक बायकांपैकी कुणाचं तसं आत्मचरित्र चटकन माझ्या तोंडावर येत नाही. माझा आपला एक अंदाज. त्या दोघींच्या आयुष्यात धर्म बदलला, म्हणजे सांगण्याजोगं काहीतरी ‘घडलं’. आमच्यात जे घडायचं ते पोर्तुगीजांच्या काळात घडून गेलं. आम्हाला धर्म बाटलीच्या मसाल्यासारखा मिळाला, आईकडून, तयार, घट्ट बूच लावलेला. त्यात आपलं सांगण्यासारखं काय, असंच प्रत्येकीला वाटलं असणार. उत्तनच्या मुलीनंही मला आधी हेच ऐकवलं होतं, ‘मॅडम, माझी काही स्टोरीच नाही.’

गुण किती द्यायचे यावर मी दोन दिवस घालवले. मूल्यमापनाच्या तक्त्यात शुद्धलेखन, मांडणी, आशय असे रकाने आहेत. शुद्धलेखनात तिचे सहा गुण जात होते. मी तिला बोलावलं आणि समासात काही न लिहिता कागद परत दिला. म्हटलं, ‘गुण मी स्वतंत्र कळवते. हे तुझ्याकडे ठेव.’ तिनं उलटसुलट करून पाहिला. विचारलं, ‘काहीच चुकलं नाही?’ म्हटलं, ‘ऱ्हस्वदीर्घ बरंच चुकलंय. ते आपण बसून नीट करू. इथं, या बाजूला खुर्ची घे.’ तिनं खुर्ची ओढली. पहिल्या पानालाच आम्ही भांडलो, कारण तिला ‘पायताणं’ काढून ‘चपला’ घालायचं होतं, तो शब्द गावंढळ वाटतो म्हणून. मी हरले नाही.

ऑगस्टमध्ये, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्यावर, मी मावशीकडे उत्तनला गेले. ती ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. पंचाहत्तरीची आहे, रोज मिस्साला जाते, शुभवर्तमान तिला पाठ आहे. मी म्हटलं, ‘मावशी, पेत्र जाळी टाकून येशूमागे गेला ना, मग त्या जाळ्यांचं काय झालं असेल?’

तिनं मान वर केली नाही. ‘काय व्हनार? बायकोनं गोला केली असतील. धुतली असतील, तुनली असतील, न दिली असतील कोनाला वाट्यावर.’ मग सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. ‘पोरांना खायला नको?’